कलिल आणि निलंबन: सीमारेषा नक्की कुठे आखायची?

रानजाई

नमस्कार मंडळी,

भाचीबरोबर रसायनशास्त्रातलं मिश्रणांचं प्रकरण वाचते आहे. द्रावण (मिठाच्या पाण्यासारखं, पूर्ण विरघळलेलं), कलिल (बारीक कण तरंगत राहिलेलं) आणि निलंबन (गढूळ पाण्यासारखं, कण खाली बसणारं) असा तीन रकान्यांचा तक्ता बहुतेक पुस्तकांत असतो. कण किती मोठे, डोळ्यांना दिसतात का, गाळणकागदावर अडकतात का, तळाशी बसतात का, आतून जाणारा प्रकाशाचा झोत दिसतो का. वाचताना सगळं स्वच्छ वाटतं. पण भाचीने दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली आणि गाडी अडली. एकात कलिलकणांची वरची मर्यादा १०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आहे, दुसऱ्यात १००० नॅनोमीटर. तिचा प्रश्न सरळ आहे: ५०० नॅनोमीटरचा कण कुठल्या रकान्यात टाकायचा?

त्यातून आणखी फाटे फुटले. दूध जर कलिल, तर नुसतं ठेवून दिलेल्या कच्च्या दुधातला स्निग्धांश वर का येतो? रक्त एका ठिकाणी कलिलाच्या उदाहरणांत दिसतं, दुसरीकडे निलंबनाच्या. हे कसं?

"तक्ता पाठ कर, सोडून दे" असं मला तिला सांगायचं नाही. हा फरक निसर्गात खरोखर आहे की माणसाने सोयीसाठी रेघ मारून ठेवली आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावं, आम्ही दोघी वाचतो आहोत.

चौकस

सोपं आहे. ठेवून दिल्यावर खाली बसतं ते निलंबन, बसत नाही ते कलिल. आकडे विसरा.

टिपकागद

चौकसराव, ठेवून किती वेळ द्यायचा तेही सांगा. तासभर, की पुढची परीक्षा येईपर्यंत? :)

खडू_फळा

टिपकागद गमतीत बोलले, पण मेख तिथेच आहे. त्यावर इतर लिहितीलच. मी आधी तक्त्याची बाजू घेतो. वर्षानुवर्षं तो फळ्यावर काढत आलोय आणि त्याला उगाच नावं ठेवलेली मला खपत नाहीत.

कलिल ही कल्पना कण मोजून आलेलीच नाही, ती गाळण्यातून आली. थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये ती मांडली. मीठ किंवा साखर पाण्यात विरघळवून चर्मपत्राच्या पडद्याआड ठेवली की ती पलीकडच्या पाण्यात भराभर उतरते. डिंक, जिलेटिन, अल्ब्युमिन अलीकडेच राहतात. ग्रॅहमने त्यावरून पदार्थांचेच दोन वर्ग पाडले. पुढच्या संशोधकांना कळलं की हा पदार्थाचा स्वभाव नाही, ती अवस्था आहे. तेच सोनं, तेच गंधक कलिल रूपातही आणता येतं.

म्हणजे चाळण्या दोन आहेत. साधा गाळणकागद निलंबनाचे कण अडवतो आणि कलिल सोडून देतो. चर्मपत्रासारखा पडदा कलिल अडवतो आणि द्रावण सोडून देतो. मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णाचं डायलिसिस याच दुसऱ्या चाळणीवर चालतं: युरिया पडद्यातून निघून जातो, रक्तातली प्रथिनं मागे राहतात. ज्या गोष्टीवर माणसं जगवली जातात तिला "नुसती सोयीची रेघ" कसं म्हणायचं?

आता १०० की १०००. आयुपॅक या रसायनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या व्याख्येत कणाचं निदान एका दिशेतलं माप साधारण १ नॅनोमीटर ते १ मायक्रॉन असावं असं आहे. १ मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर. तेव्हा भाचीचा ५०० नॅनोमीटरचा कण कलिलात. "निदान एका दिशेतलं" हे शब्द मात्र सोडू नका. चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे चपटे असतात, लांबीरुंदीला मोठे आणि जाडीला अगदी बारीक. फेसाचा बुडबुडा डोळ्यांना सहज दिसतो, पण दोन बुडबुड्यांमधला द्रवाचा पडदा या मापात बसणारा असतो. म्हणून फेसही कलिलांत मोजतात.

वाटसरू

वाचतोय. फेसाचं नव्याने कळलं.

निळावंती

खडू_फळा सर, प्रतिसाद आवडला. गाळणकागदाबद्दल मात्र थोडी असहमती. त्याची छिद्रं साधारण काही मायक्रॉनची असतात. अर्ध्या-पाऊण मायक्रॉनचे कण त्यातून बिनबोभाट निघून जातात, मग ते पुढे तळाशी बसणारे असोत वा नसोत. चाळणी कणाचं माप सांगते. कण तरंगत राहील की नाही हे ती सांगत नाही.

टिपकागद यांच्या "किती वेळ" या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देते. पाण्यात पडणाऱ्या लहान गोल कणाचा वेग स्टोक्सच्या सूत्राने काढता येतो. त्यातली लक्षात ठेवायची गोष्ट एकच: वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. कण दहापट बारीक झाला की खाली जायला शंभरपट वेळ.

वाळूतल्या सिलिकाचे कण घेऊ, घनता पाण्याच्या सुमारे २.६५ पट. १० सेंटीमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ, पाणी अगदी स्थिर. १० मायक्रॉन व्यासाचा कण वरून तळाशी पोचायला सुमारे १८ मिनिटं घेतो. १ मायक्रॉनचा सुमारे ३१ तास. १०० नॅनोमीटरचा चार महिन्यांहून जास्त. १० नॅनोमीटरचा ३५ वर्षांच्या आसपास.

या सगळ्या मापांत कुठेही उडी नाही. ९९ नॅनोमीटरला एक नियम आणि १०१ ला दुसरा असं काही घडत नाही.

चौकस

मग माझ्या व्याख्येने सगळंच निलंबन ठरतं. ३५ वर्षांनी का होईना, बसतंय ना शेवटी?

निळावंती

नाही बसत, आणि खरी गंमत इथेच आहे. मी वर दिलेले शेवटचे दोन आकडे नुसत्या गुरुत्वाकर्षणाचे आहेत. त्यात पाण्याच्या रेणूंचे धक्के धरलेले नाहीत.

रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये परागकणांमधून बाहेर पडलेले बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ते सतत थरथरत होते, इकडेतिकडे भरकटत होते. त्याला आधी वाटलं की परागातला जीव हलतोय. मग त्याने निर्जीव पदार्थांची पूड घेतली, तीही तशीच नाचत होती. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी आदळतात, दर क्षणी कुठल्यातरी बाजूचा मारा थोडा जास्त होतो आणि कण तिकडे ढकलला जातो. याचं गणित आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडलं.

आता दोन गोष्टींची ओढाताण बघा. गुरुत्वाकर्षण कणाला खाली खेचतं, धक्के त्याला सगळीकडे पसरवतात. दोन्ही मिळून एक उंची ठरते. ही उंची कणाच्या पाण्यातल्या वजनावर आणि तापमानावर अवलंबून असते, आणि तेवढं वर गेलं की कणांची दाटी सुमारे ३७ टक्क्यांवर येते. त्याच सिलिकासाठी आकडे काढले:

१ मायक्रॉनच्या कणासाठी ही उंची अर्धा मायक्रॉन, म्हणजे कणाच्या स्वतःच्या जाडीपेक्षाही कमी. तो कण तळाला चिकटल्यात जमा.

१०० नॅनोमीटरच्या कणासाठी अर्धा मिलिमीटर.

१० नॅनोमीटरच्या कणासाठी सुमारे अर्धा मीटर. १० सेंटीमीटरच्या भांड्यात तो ३५ वर्षांनीही सगळीकडे जवळपास सारखाच पसरलेला असेल.

म्हणून चौकस, तुमची व्याख्या मला तक्त्यापेक्षा जास्त आवडते, फक्त तिच्यात एक दुरुस्ती हवी. "बसायला फार वेळ लागतो" आणि "बसतच नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत कण हरलेला आहे आणि उशीर चाललाय. दुसरीत तो हरतच नाही.

झाँ पेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे डोळ्यांनी मोजून दाखवलं. गॅम्बोज नावाच्या पिवळ्या राळेचे सारख्या आकाराचे गोळे त्याने निवडून काढले, पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शक वरखाली करत प्रत्येक उंचीवरचे कण मोजले. त्याच्या एका नमुन्यात दर ३० मायक्रॉनमागे संख्या निम्मी होत होती. हवेच्या वातावरणात जसा वर जाताना दाब कमी होतो तोच नियम, फक्त मायक्रॉनांत. त्यावरून त्याने ॲव्होगॅड्रो संख्या (पदार्थाच्या ठरावीक प्रमाणात रेणू किती असतात तो आकडा) काढली आणि अणू खरंच असतात का हा वाद मिटायला मोठी मदत झाली. १९२६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

टिपकागद

माझ्या एका स्मायलीवर एवढं मोठं उत्तर! पुढच्या धाग्यावर दोन स्मायली टाकीन.

पारिजात

निळावंती, फार सुंदर लिहिलंत. मी औषधनिर्माण क्षेत्रातली. आमच्याकडे निलंबन ही रोजची डोकेदुखी आहे, म्हणून थोडं त्या बाजूने.

न विरघळणारं औषध द्यायचं असेल तर पूड करून द्रवात निलंबित करतात. लहान मुलांची बरीच अँटिबायोटिक्स, आम्लपित्तावरची पांढरी औषधं अशीच असतात. बाटलीवर "वापरण्यापूर्वी नीट हलवा" असं छापलेलं असतं ते शोभेसाठी नाही. न हलवता ओतलं तर सुरुवातीच्या डोसांत औषध कमी आणि बाटली संपत आली की जास्त जातं. कृपया सगळ्यांनी हलवाच.

आता एक उलटी वाटेल अशी गोष्ट. कण जितके सुटे आणि बारीक, तितकं निलंबन चांगलं असं वाटतं ना? सुटे कण हळू बसतात हे खरं, पण बसताना एकमेकांच्या फटींत घट्ट जाऊन बसतात. काही महिन्यांनी तळाशी इतका कडक थर होतो की बाटली कितीही हलवा, तो सुटत नाही. म्हणून आम्ही मुद्दाम त्या कणांचे सैल पुंजके होऊ देतो. पुंजके लवकर बसतात, वर निवळी दिसते, बाटली दिसायला वाईट दिसते. पण खालचा साका फुगीर आणि पोकळ असतो, दोनदा हलवलं की पुन्हा सारखा पसरतो. रुग्णाच्या दृष्टीने हेच निलंबन चांगलं. बसणार हे मान्य करून, बसल्यावर उठेल कसं हे बघायचं.

रंगारी

पारिजात ताईंना अनुमोदन. रंगाच्या डब्यातही हेच. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतो, कण साधारण २०० ते ३०० नॅनोमीटरचे. खडू_फळा सरांच्या व्याख्येप्रमाणे हे सरळ कलिल. पण घनता पाण्याच्या चौपट, त्यामुळे नुसत्या पाण्यात सोडला तर तो काही दिवसांत खाली बसतो.

मग डब्यात महिनोन्महिने का टिकतो? दोन उपाय करतात. कणांवर असा थर चढवतात की ते एकमेकांना चिकटू नयेत. आणि द्रव असा बनवतात की तो स्वस्थ असताना घट्ट राहतो, ढवळला किंवा ब्रशने ओढला की पातळ होतो. कण त्या घट्टपणात अडकून राहतात. तेव्हा निळावंतींच्या ओढाताणीत तिसरा खेळाडू धरा: भोवतीचा द्रव.

खडू_फळा

रंगारी, हे उदाहरण मी उद्याच वर्गात वापरणार. मुद्दा मान्य आहे, माप एकटं पुरत नाही, घनतेतला फरकही धरावा लागतो. तरी तक्ता पहिल्या ओळखीसाठी योग्यच, हे माझं मत कायम.

मिहिका

रक्ताचा प्रश्न राहिला आहे, तो मी घेते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते.

रक्त एका रकान्यात टाकायचा हट्ट सोडला की प्रश्न सुटतो. तांबड्या पेशी ७-८ मायक्रॉनच्या, म्हणजे कलिलाच्या मर्यादेच्या कितीतरी वर. त्या निलंबित आहेत आणि बसतात. बसण्याचा वेग मोजणं ही तर आमची रोजची तपासणी आहे, ईएसआर. रक्त गोठू नये म्हणून त्यात रसायन घालायचं, उभ्या नळीत भरायचं, तासाभराने वरची पिवळसर निवळी किती मिलिमीटर झाली ते वाचायचं.

त्या पिवळ्या प्लाझ्मात अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, फायब्रिनोजेन ही प्रथिनं आहेत, काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर मापाची. ती तासाने काय, महिन्यानेही बसत नाहीत. हा कलिल भाग. आणि त्यातच मीठ, ग्लुकोज, युरिया विरघळलेले आहेत, हा द्रावण भाग. एका नळीत तिन्ही रकाने.

शरीरात दाह असला की ईएसआर का वाढतो हेही या धाग्याला धरूनच आहे. फायब्रिनोजेन वाढतं, त्यामुळे तांबड्या पेशी एकीवर एक रचल्या जातात, नाण्यांच्या चळतीसारख्या. चळतीची जाडी वाढली की वर्गाच्या नियमाने वेग वाढतो. पेशी त्याच, वजनही तेच, पण एकत्र आल्या म्हणून लवकर बसतात.

वाटसरू

मिहिका, एक नंबर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

चौकस

मग परीक्षेत रक्त काय लिहायचं?

मिहिका

"पेशी निलंबित, प्लाझ्मा कलिल" असं एका वाक्यात लिहावं. पर्यायी प्रश्नात नाइलाज, शिकवलेलं पुस्तक बघावं.

उंबरठा

दुधाचं माझ्याकडून. तिथेही तिन्ही आहेत. दुग्धशर्करा विरघळलेली. केसीन प्रथिनाचे गोळे साधारण ५० ते ५०० नॅनोमीटरचे, हे अस्सल कलिल, दुधाचा पांढरेपणा बराचसा यांचा. स्निग्धांशाचे गोलक सरासरी ३-४ मायक्रॉनचे, पाण्याहून हलके, म्हणून ते खाली न बसता वर येतात. स्टोक्सचं सूत्र तेच, दिशा उलटी. होमोजनायझेशनमध्ये दूध दाबाने अगदी अरुंद फटीतून काढतात, गोलक फुटून बहुतेक १ मायक्रॉनच्या आसपास किंवा खाली येतात आणि वर येणं जवळपास थांबतं. रानजाई, भाचीची शंका बिनतोड होती.

पण मला खरं सांगायचंय ते एका प्रयोगाबद्दल, कारण त्यात एकाच चंचुपात्रात तिन्ही अवस्था एकामागून एक दिसतात. सोडियम थायोसल्फेटचं विरळ द्रावण आणि त्यात थोडं विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल. बाहेर अंधार, एका बाजूने टॉर्चचा बारीक झोत.

पहिले काही क्षण काहीच नाही. झोत पाण्यातून जातो आणि आत कुठेही दिसत नाही, नुसता पलीकडे भिंतीवर पांढरा ठिपका. मग आत निळसर धुरकट रेघ उमटते. गंधकाचे कण जन्माला आलेत, अजून फार बारीक आहेत. बाजूने पाहावं तर निळी छटा, आणि भिंतीवरचा ठिपका हळूहळू पिवळा, मग नारिंगी, तांबूस होत जातो, कारण निळा प्रकाश वाटेतच विखुरला जातोय. कण वाढतात तशी निळाई जाते, सगळं दुधासारखं पांढरं होतं, ठिपका पुसला जातो. आणि बराच वेळ ठेवलं की तळाशी फिकट पिवळा साका बसतो.

यातल्या कुठल्या क्षणी कलिल संपून निलंबन सुरू झालं, हे बोट ठेवून सांगता येत नाही. तरीही निळी रेघ असलेलं पात्र आणि साका बसलेलं पात्र यांत फरक नाही असंही कोणी म्हणणार नाही.

सूचना: यात सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. प्रयोगशाळेत, हवेशीर जागी, शिक्षकांसोबतच करावा. दमा असलेल्यांनी लांब राहावं.

रानजाई

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! मनापासून आभार. उंबरठा, तुमचं वर्णन भाचीने मोठ्याने वाचून काढलं. तिच्या शिक्षिकेला ती हा प्रयोग दाखवायला सांगणार आहे.

तिचा पुढचा प्रश्न: गंधकाचे कण वाढत गेले, मग इतर कलिलांचे कण एकमेकांना चिकटून का वाढत नाहीत? नाचता नाचता आदळत तर असतीलच.

निळावंती

भाचीला शाबासकी द्या, कारण धक्क्यांचं गणित इथे एकटं पुरत नाही. कण आदळतात आणि जवळ आले की एकमेकांना ओढतातही. अडवणारं काही नसेल तर बहुतेक कलिलं फार लवकर गुठळ्या होऊन खाली येतील.

पुष्कळ कलिलांत अडवतो तो विद्युतप्रभार. एका कलिलातल्या सगळ्या कणांवर सारखाच प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. त्यात मीठ टाकलं की विरुद्ध प्रभाराचे आयन (क्षारातले प्रभारित अणू किंवा अणुगट) कणांभोवती दाटतात, प्रतिकर्षण अगदी जवळच्या अंतरापुरतं उरतं आणि कण चिकटतात. कलिल डोळ्यांदेखत निलंबन होतं आणि बसतं. कणाचा पदार्थ बदलला नाही, द्रव बदलला नाही, फक्त चिमूटभर क्षार.

खडू_फळा

याचा वर्गात दाखवता येणारा नमुना: उकळत्या शुद्ध पाण्यात फेरिक क्लोराइडचं द्रावण थेंब थेंब सोडलं की गडद तांबूस, पारदर्शक कलिल मिळतं. त्यात थोडं सोडियम सल्फेट घातलं की तपकिरी गुठळ्या पडतात. तेच साध्या मिठाने करायला कितीतरी जास्त मीठ लागतं. कणांवर धनप्रभार आहे, त्यामुळे इथे ऋण आयन महत्त्वाचा, आणि सल्फेटवर दुहेरी प्रभार आहे.

हा शुल्झ-हार्डी नियम. शुल्झचं काम १८८२ चं, हार्डीचं १९०० चं. पाण्यातल्या मातीवर ऋणप्रभार असतो, म्हणून तिथे तीन धनप्रभारांचा ॲल्युमिनियम आयन भारी पडतो. जलशुद्धीकरण केंद्रांत तुरटी किंवा ॲल्युमिनियमचे इतर क्षार वापरतात ते यासाठी, शिवाय ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके बाकीची माती सोबत घेऊन बसतात. कलिलाचं मुद्दाम निलंबन करायचं आणि मग ते गाळून काढायचं, असा सगळा कारभार.

रंगारी

नदी समुद्राला मिळते तिथेही हेच घडतं. गोड्या पाण्यात तरंगत आलेली चिकणमाती खाऱ्या पाण्यात शिरली की पुंजके होऊन बसते. त्रिभुज प्रदेश बनण्यामागे प्रवाह मंदावणं हे मोठं कारण, पण मिठाचाही हात आहे.

टिपकागद

म्हणजे समुद्र हा जगातला सगळ्यात मोठा रसायनशास्त्राचा मास्तर. सर, रागावू नका.

खडू_फळा

रागावतोय कशाला, आमच्या सगळ्यांपेक्षा ज्येष्ठ आहे तो. :)

चौकस

धुक्याचं कोणीच बोललं नाही. पुस्तकात धुकं म्हणजे हवेतलं कलिल. पण थेंब तर १० मायक्रॉनच्या घरातले असतात असं वाचलंय.

निळावंती

बरोबर वाचलंय. १००० नॅनोमीटरची मर्यादा कडक धरली तर धुकं बाहेर पडतं. १० मायक्रॉन व्यासाचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर खाली येतो. हवा सहसा इतकी स्थिर नसते, हलकीशी झुळूकही त्याला पुन्हा उचलते. एरोसोल, म्हणजे हवेत तरंगणारे बारीक थेंब किंवा कण, म्हणून त्याला कलिलांच्या शेजारी बसवतात ते परंपरेने आणि कारण दोन्हींचा अभ्यास एकाच पद्धतींनी होतो. रेणूंच्या धक्क्यांनी तरंगणारी वस्तू ती नव्हे.

आता रानजाई यांच्या मूळ प्रश्नावर माझं मत लिहिते. फरक खरा आहे, रेघ सोयीची आहे. खरा फरक असा: कण तरंगत ठेवायला रेणूंचे धक्के पुरतात का, आणि कणांना एकमेकांना चिकटण्यापासून काही अडवतंय का? दोन्हींना हो, तर कलिल. कणांना ढवळून तरंगत ठेवावं लागत असेल तर निलंबन. १०० आणि १००० हे आकडे म्हणजे पाण्यासारख्या द्रवात, नेहमीच्या घनतेच्या कणांसाठी हा पालट साधारण कुठे होतो त्याचे अंदाज आहेत. ५०० नॅनोमीटरचा सिलिकाचा कण पाण्यात साधारण पाच दिवसांत १० सेंटीमीटर खाली येईल. ५०० नॅनोमीटरचाच कण जर पाण्याच्याच घनतेच्या प्लास्टिकचा असेल तर तो तरंगतच राहील. भाचीने उत्तरात आधी विचारावं: कण कशाचा, आणि कशात?

पारिजात

पूर्ण सहमत. आणि "किती काळासाठी" हेही. सलाईनच्या बाटलीत घालायचं औषध आणि दोन वर्षं कपाटात टिकणारं औषध यांना मी एकच मोजपट्टी लावत नाही.

खडू_फळा

मी तक्त्याखाली एक ओळ वाढवणार: "सामान्य घनतेच्या कणांसाठी, पाण्यात." रकाने मात्र तीनच ठेवीन.

वाटसरू

एक शंका. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० नॅनोमीटरच्या वर. साध्या सूक्ष्मदर्शकातून १०-२० नॅनोमीटरचा कण दिसणं शक्यच नाही. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येण्याआधी कलिलात खरंच सुटे कण आहेत हे कळलं कसं?

उंबरठा

उत्तर टॉर्चच्या झोतातच आहे. फॅरेडेने १८५७ मध्ये सोन्याचं माणकासारखं लाल द्रव बनवलं होतं. प्रकाशाचा शंकू सोडला की आत झळाळी दिसायची, त्यावरून यात सोन्याचे बारीक कण असणार असं त्याने ताडलं. मीठ घातल्यावर लाल रंग निळा होतो हेही त्याने नोंदवलं. वर निळावंतींनी लिहिलेलं चिकटणं ते हेच. त्याच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून आहेत. पुढे १८६९ च्या सुमारास जॉन टिंडालने या विखुरण्याचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून पुस्तकांत नाव त्याचं.

रिचर्ड झिगमाँडी आणि हेन्री सीडेनटोफ यांनी १९०२-०३ मध्ये झोत आणि सूक्ष्मदर्शक एकत्र आणले. प्रकाश बाजूने टाकायचा आणि वरून काळ्या पार्श्वभूमीवर बघायचं. कणाचा आकार दिसत नाही, पण त्याने विखुरलेला प्रकाश ठिपका म्हणून दिसतो. ठिपके मोजता येतात, ठिपके नाचतानाही दिसतात. सोन्याचे १० नॅनोमीटरच्या आसपासचे कण असे मोजले गेले. पात्रात एकूण सोनं किती टाकलंय ते माहीत, कण किती तेही मोजलेले, भागाकार केला की एका कणाचं वस्तुमान आणि त्यावरून माप.

झिगमाँडीचं १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रत्यक्षात १९२६ मध्ये जाहीर झालं. त्याच वर्षी रसायनशास्त्राचं १९२६ चं नोबेल थिओडोर स्वेडबर्गला मिळालं. कलिल आपणहून बसत नसेल तर त्याला सेंट्रिफ्यूजमध्ये प्रचंड वेगाने फिरवून बसायला लावायचं आणि बसण्याच्या वेगावरून कणाचं वजन काढायचं, हे त्याचं काम. आणि भौतिकशास्त्राचं निळावंतींच्या पेराँना. तिघेही कलिलवाले, एकाच वर्षी.

चौकस

स्वेडबर्गने कलिलसुद्धा खाली बसवलं म्हणता? मग माझ्या व्याख्येत "पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात" हेही घालतो.

निळावंती

घालाच. प्रथिनांचे रेणू वजनाप्रमाणे वेगळे करायला आजही त्याच तत्त्वाची यंत्रं फिरतात, गुरुत्वाकर्षणाच्या लाखो पट जोराने.